तळहातावर ठेवलेलं पितळ

डाग खरा असला की मी तो मालकाच्या तळहातावर ठेवायचो. खोटा असला की काउंटरवर. तोंडानं काही बोलायचो नाही. कोल्हापूरच्या गुजरीत, सराफांच्या पेठेत, पन्नास वर्षं मी सोनं पारखलं ते असं.

डाग म्हणजे दागिना, हा आमच्या बाजारातला शब्द. आणि न बोलण्याचा हा रिवाज माझ्या वडिलांचा. त्यामागं कारण होतं. पारख्याच्या गाळ्यात एका वेळी चार माणसं बसलेली असतात. सासूनं दिलेली बोरमाळ घेऊन सून आलेली असते, शेजारी तिची जाऊ. अशा वेळी "हे खोटं आहे" असं मोठ्यानं म्हटलं की डाग मोडायच्या आधी घर मोडतं. म्हणून वडील बोलत नसत. खरा डाग हातात, खोटा खाली. मालकाला कळायचं, बाकीच्यांनी काय ते समजून घ्यायचं. गुजरीत येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी शिरोळ-कागलच्या खेड्यातून येणाऱ्या बायाबापड्यांनाही, ही खूण पाठ होती. मला, म्हणजे पोतदारांना, सगळे अप्पा म्हणतात. "अप्पांनी हातात दिलं" म्हणजे झालं. पुढं कुणी विचारायचं नाही.

कामही सोपं, सांगण्यासारखं. काळा, गुळगुळीत कसोटीचा दगड. त्यावर डाग घासायचा, सोन्याची रेघ उमटते. शेजारी माहितीतल्या सोन्याची रेघ ओढायची. दोन्हींवर तेजाबाचा, म्हणजे आम्लाचा, थेंब. हिणकस रेघ हिरवी होऊन विरते, खरी रेघ तशीच राहते. किती राहते त्यावरून डागात शंभराला शुद्ध सोनं किती ते सांगायचं. याला आम्ही टंच म्हणतो. पारख्यानं टंच सांगावा, भाव कधी सांगू नये, हे वडिलांचं दुसरं सांगणं. कस दगडाचा असतो, भाव बाजाराचा. दगड आपल्या हातात आहे, बाजार नाही.

या दिवाळी अंकाचे संपादक लिहा म्हणाले तेव्हा गुजरीतल्या गमती लिहा, असा आग्रह होता. गमती पुष्कळ आहेत. एक सांगतो, कारण तिचा पुढं संबंध आहे.

शिवाजी पेठेतले एक पैलवान माझे जुने स्नेही. तरुणपणी एका जत्रेच्या मैदानात त्यांनी नावाजलेला मल्ल चितपट केला आणि सोन्याचं कडं जिंकलं. तीस वर्षं ते कडं त्यांच्या मनगटात होतं. अडचण आली तेव्हा मोडायला घेऊन आले. मी कड कानशीनं जरा घासली, दगडावर रेघ ओढली, तेजाब टाकलं. रेघ गेली. वर मुलामा, आत पितळ. मी कडं काउंटरवर ठेवलं.

पैलवान बघतच राहिले. "अप्पा, उचला की ते. हातात द्या."

"पैलवान, देता येत नाही."

"आवं, तीस वर्सं घातलंय मी ते!"

 पैलवानांनी कडं काउंटरवर फिरवून बघितलं, मग म्हणाले, "बरं, एवढं तर सांगा. मी पाडला तो गडी तरी खरा हुता का न्हाई?"

"तो खरा होता. मी बघायला होतो."

"मग झालं तर," म्हणाले, आणि कडं उचलून पुन्हा मनगटात घालून गेले.

ही गोष्ट मी आजवर शंभर वेळा सांगितली असेल. ऐकणारे हसतात आणि म्हणतात, अप्पा, स्नेह्यालाही तुम्ही सवलत दिली नाही. मला ते ऐकायला आवडायचं. आता दुसरी गोष्ट लिहितो, जी मी कुणालाच सांगितली नव्हती.

गुजरीत यंत्रं आली. डाग ठेवला की मिनिटात आकडा येतो, न घासता, न जाळता. यंत्र चांगलं आहे, माझी काही तक्रार नाही. पण माझ्या गाळ्यात माणूस येईना. दगड कोरडा पडला. मी रोज सकाळी शटर उघडायचो, दगड पुसायचो, पेपर वाचायचो. अशा दिवसांत एक माणूस आला. गोड बोलणारा, पांढरा शर्ट, वाकून नमस्कार करणारा. त्याला सगळे 'सर' म्हणायचे. त्यानं नवं चलन काढलं होतं. मोबाइलमधलं. एका देवीच्या नावाचं कॉइन. ते नाव मी इथं घेत नाही, देवीचा काही दोष नाही.

"अप्पा, तुम्ही कोल्हापूरची कसोटी आहात," सर म्हणाले. "आमच्या कार्यक्रमाला फक्त येऊन बसा. बोलायचं काही नाही."

बोलायचं नाही म्हटल्यावर मला बरं वाटलं. न बोलणं हाच तर माझा धंदा.

मंगल कार्यालय भरलेलं होतं. मला फेटा बांधला, शाल घातली, पुढच्या खुर्चीवर बसवलं. पडद्यावर एक रेघ वर वर चाललेली दाखवत होते. बँकेत पैसे ठेवणारा कसा मागं राहतो, सोनं घेणारा कसा म्हातारा होतो, आणि कॉइन घेणारा कसा पुढं जातो, असं सगळं. मग सरांनी मला स्टेजवर बोलावलं, मखमलीच्या डबीतून एक पिवळं नाणं काढलं आणि माइकवर म्हणाले, "हे आपल्या कॉइनचं शुद्ध सोन्यातलं रूप. अप्पांच्या हस्ते त्याचं दर्शन घेऊया."

नाणं माझ्या हातात आलं आणि मला त्याच क्षणी कळलं. पन्नास वर्षं सोनं तोललेल्या हाताला दगड लागत नाही. त्या आकाराचं सोनं हाताला खाली ओढतं. हे नाणं नुसतं बसून होतं. पितळ.

समोर टेबल होतं. टेबलावर समई होती, नारळ होता, तबक होतं. नाणं तिथं ठेवायला एक क्षण पुरला असता. काही बोलावंही लागलं नसतं. सरांनी हसत हात पुढं केला. आणि मी ते नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं.

टाळ्या वाजल्या. त्या फेट्यासाठी आहेत असं मी क्षणभर धरून चाललो. मग तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "अप्पांनी हातात दिलं की रं!" तो आवाज मी स्पष्ट ऐकला. ऐकून मी हसलो. पुष्कळ वर्षांनी कोल्हापूर माझ्या हाताकडं बघत होतं.

हे नीट लिहायला हवं. मला पैसे मिळाले नाहीत, मी मागितले नाहीत. नंतर लोक म्हणाले, अप्पांना फसवलं. मला कुणी फसवलं नाही. त्या हॉलमधे नाणं पितळेचं आहे हे दोघांना माहीत होतं, एक सर आणि दुसरा मी. निघताना सरांनी तेच नाणं मला आठवण म्हणून दिलं. त्या क्षणाचा फोटो पत्रकावर छापला आणि गावोगावच्या मोबाइलवर फिरवला. पत्रक माझ्याकडं आलं तेव्हा मी ते घडी घालून ठेवून दिलं.

आठवड्याभरात कांबळे सिस्टर आल्या.

सुशीला कांबळे मूळच्या जयसिंगपूरच्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून अख्खी नोकरी केली. माझी बायको शेवटच्या आजारात त्यांच्या वॉर्डात होती. डॉक्टर रोज "बघूया, बघूया" म्हणायचे. एका सकाळी सिस्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "अप्पा, वहिनी घरी येणार न्हाईत. लेकीला आजच बोलवून घ्या." लेक दुपारच्या गाडीनं आली. मायलेकींची भेट झाली. दुसऱ्या दिवशी बायको गेली. त्या एका वाक्याचे उपकार माझ्यावर आहेत. मी नंतर एकदा त्यांना म्हणालो होतो, तुम्हाला एवढं स्पष्ट कसं बोलता येतं? त्या म्हणाल्या, "माणसाला कळायला पायजे ना. आपण गप बसलो की ते आपलं आपलं कायतरी समजून घेतंय."

त्या सिस्टर माझ्यासमोर बसल्या. रुमालातून चार पाटल्या काढल्या. स्वतःच्या पगारातून एकेक करून केलेल्या.

"अप्पा, दोन गोष्टी इचारायच्यात. ह्या पाटल्या बावीसच्या हायत का, ते बघा. आणि दुसरं, ते कॉइन खरं हाय का? मिलिंद नको म्हणतोय. पण तुम्ही हातात दिलंसा म्हणून सगळी म्हणत्यात. ह्या मोडून त्यात घालायचं म्हणते."

मिलिंद त्यांचा मुलगा, हायस्कूलला शिक्षक.

मी पाटल्या घेतल्या. एकेक घासली. चार रेघा, चारही भक्कम. तेजाबानं एकीलाही काही झालं नाही. बावीस कॅरेट. सिस्टर माझ्या हाताकडं नाही, तोंडाकडं बघत होत्या. मला वाटलं बोलावं. पण काय बोलणार? ते नाणं पितळ होतं असं म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग स्टेजवर का नाही सांगितलंत? मी चारही पाटल्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या.

"झालं तर मग," सिस्टर म्हणाल्या, आणि उठल्या.

त्यांनी दोन प्रश्न विचारले होते. मी एकाचं उत्तर दिलं होतं. पण आमच्या रिवाजात हातात दिलं की सगळंच खरं असतं. ते त्यांना माहीत होतं आणि त्यांच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं.

पुढचं थोडक्यात. मोबाइलवर आकडा रोज सकाळी वाढायचा. ज्यांना वाढलेला बघायचा होता त्यांचा वाढत राहिला. ज्यांनी काढून मागितला त्यांना यंत्रणेत दुरुस्ती चालू आहे असा निरोप यायला लागला. मग एका सकाळी आकडाच उघडेना, ऑफिसला कुलूप, सर गायब. इचलकरंजीतल्या कारखान्यांतले कामगार, गुजरीतले दोघे व्यापारी, शिक्षक, भाजीवाल्या, सगळे त्यात होते.

आणि सिस्टर मुलाला घेऊन माझ्या गाळ्यात आल्या. तीन व्यापारी बसलेले होते.

मिलिंद सरळ म्हणाला, "अप्पा, आई म्हणती, मी अप्पांना इचारून घातलं. इचारलं होतं का तिनं?"

मी म्हणालो, "कॉइनचं मला कुणी काही विचारलं नाही. मी पाटल्यांचा टंच काढून दिला, तेवढंच."

 सिस्टर भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. "चल, मिलिंद," एवढंच म्हणाल्या.

त्या गाळ्यात पोतदारांचा शब्द आणि कांबळे सिस्टरांचा शब्द समोरासमोर आले तर लोक कुणाचा धरतील हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून मी तो उच्चारला. बाहेर पडताना मिलिंद आईला म्हणाला ते मी ऐकलं, "म्हणजे लोभ तुझा, आणि नाव अप्पांचं."

चार वर्षं गेली. जयसिंगपूरकडच्या एका गिऱ्हाइकाकडून अधूनमधून कळायचं. मिलिंदनं आईचं पेन्शनचं एटीएम कार्ड आपल्याकडं ठेवलंय. म्हातारीला हिशोब कळत नाही म्हणून. सिस्टरांना औषध आणायचं तरी सुनेला सांगावं लागतं. ज्या बाईनं वॉर्डात आयुष्यभर शंभर माणसांच्या औषधांच्या वेळा डोक्यात ठेवल्या, तिला! मी ऐकायचो आणि दगड पुसायचो.

गेल्या दिवाळीला माझी नात ऋतुजा पुण्याहून आली. ती कॉम्प्युटरमधे आहे. ड्रॉवरमधे काहीतरी शोधताना तिला ते नाणं सापडलं. "आजोबा, हे काय?" मी म्हणालो, त्या फसव्या मोबाइलच्या चलनाचं आहे. सगळी क्रिप्टो अशीच, फुगा.

ती ऐकून घेणारी नाही. "सगळी नाही हं. बिटकॉइन वेगळं आहे. ते किती निघणार हे आधीच ठरलेलं आहे. प्रत्येक व्यवहार जगात कुणालाही तपासता येतो. खोटं बनवता येत नाही. तुमच्या दगडासारखंच आहे की ते! तुमच्या त्या सरांच्या कॉइनमधे यातलं काहीच नव्हतं. तो नुसता त्यांच्या कॉम्प्युटरवर टाइप केलेला आकडा होता."

आमचं दोन तास चाललं. बायको असती तर दोघांनाही उठवलं असतं. मला जे पटलं आणि जे पटलं नाही ते लिहितो, कारण हल्ली मला रस्त्यात थांबवून लोक हेच विचारतात.

नातीचं हे खरं की तपासता येणारी वस्तू आणि टाइप केलेला आकडा यांत फरक आहे. पहिल्याला काही एक कस आहे, तो गणिताचा असेल. पण कस आणि भाव वेगळे. सोन्याचा कस हजार वर्षांत बदललेला नाही, भाव रोज बदलतो, आणि सोन्याला भाव आहे तोही माणसांनी मानला म्हणून. हेही मी मान्य केलं. पण म्हणून सोनं चलन नव्हे. पाटली देऊन कुणी भाजी आणत नाही. चलन म्हणजे काय? मी चहा सांगितला आणि चहा येईपर्यंत माझ्या खिशातल्या वस्तूची किंमत हलली नाही, आणि चहावाला ती घ्यायला नाही म्हणू शकला नाही, तर ते चलन. कागदी नोटेला तेजाब लावलं तर काही उरणार नाही, पण सगळा देश ती घ्यायला बांधलेला आहे. सरकार क्रिप्टोच्या नफ्यावर कर घेतं, पण तो कर क्रिप्टोत भरतो म्हटलं तर घेत नाही. यातच सगळं आलं. ती चलन नाही. तो सौदा आहे. ज्याला सौदा करायचा त्यानं बुडाले तरी झोप येईल एवढ्याच पैशांचा करावा. ऋतुजानंही थोडं घेतलंय. "मला माहितीय हा जुगार आहे," म्हणाली. माहीत असेल तर माझी हरकत नाही. पाटल्या मोडून आलेले पैसे पेन्शनर बाईनं त्यात घालावेत, याला मात्र माझी ठाम हरकत आहे. या मतावर मी आजही तितकाच पक्का आहे.

एवढं सगळं मी जोरात बोललो. ऋतुजा नाणं बोटांत फिरवत म्हणाली, "पण आजोबा, तुम्ही सारखं कॉइननं फसवलं, कॉइननं फसवलं म्हणता. वस्तू कुणाला फसवत नाही. खरं आहे म्हणून कुणीतरी सांगावं लागतं. या लोकांना कुणी सांगितलं?"

तिला काही माहीत नव्हतं. तिनं सहज विचारलं होतं.

भाऊबीज झाल्यावर मी दगड, तेजाबाची बाटली आणि ते नाणं पिशवीत घालून जयसिंगपूरची एस.टी. धरली.

सिस्टरांच्या घरी सगळेच होते. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली सिस्टरांचा नर्सच्या वेशातला जुना फोटो. मी जय भीम म्हणालो. मिलिंदनं खुर्ची दिली. सून पाणी घेऊन आली. सिस्टर दारातच उभ्या राहिल्या. चार वर्षांत वाळल्या होत्या.

"बसा की, सिस्टर."

"उभीच बरी हाय मी. बोला."

मी काही न बोलता दगड काढून टेबलावर ठेवला. सवय जात नाही. नाण्याची कड कानशीनं घासली, मुलामा काढला, रेघ ओढली, तेजाबाचा थेंब टाकला. रेघ हिरवी झाली, फसफसली. फडक्यानं टिपली. दगड कोरा. मी नाणं टेबलावर ठेवलं आणि हात मागं घेतला.

सिस्टर पुढं आल्या. कोऱ्या दगडाकडं बघितलं, नाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"न्हाई अप्पा. हे असलं न्हाई चालायचं. तोंडानं सांगा."

"पितळ आहे," मी म्हणालो.

"कवापासनं?"

"पहिल्या दिवसापासून. स्टेजवर हातात घेतलं तेव्हाच कळलं होतं मला."

सून स्वयंपाकघराच्या दारात थांबली. मिलिंद उठून उभा राहिला. मी त्याच्याकडं वळलो. "मिलिंद, तुझ्या आईनं मला विचारलं होतं. पाटल्यांच्या आधी नाही, नंतर नाही, त्याच वेळी, त्याच दमात. कॉइन खरं आहे का म्हणून. मी उत्तर दिलं नाही. आणि तू विचारायला आलास तेव्हा मी चार माणसांत खोटं बोललो. तिचा लोभ नव्हता. तिनं पारख्याला विचारून केलं. पारखी खोटा निघाला."

 मिलिंद म्हणाला, "चार वर्सं झाली, अप्पा. चार वर्सं मी तिला काय काय बोललोय, तुम्हाला ठाव हाय का?"

मला ठाऊक होतं. तेही मी सांगितलं. माफ करा म्हणालो नाही. माफी मागण्याचा हक्क मला नाही, आणि सिस्टरांनी दिलीही नाही. पाटल्यांची किंमत माझ्याकडून घ्या, म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "ते मागनं बघू. पाटल्यांसाठी न्हाई रडले मी."

त्यांनी मिलिंदकडं बघितलं.

"मिलिंद, कार्ड."

मिलिंद आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. तो पेन्शनचं कार्ड घेऊन बाहेर आला, आईच्या डोळ्यांकडं न बघता ते टेबलावर, त्या पितळी नाण्याच्या शेजारी ठेवायला लागला.

"तिथं न्हाई," सिस्टर म्हणाल्या, आणि तळहात पुढं केला. "हितं."